जुन्या बाजारात पहिल्यांदा माल मांडताना

घरातली नको झालेली वस्तू विकण्याचे सोपे मार्ग आज पुष्कळ आहेत. छायाचित्र काढून मोबाइलवर जाहिरात टाकता येते, किंवा सगळी अडगळ एकरकमी उचलणाऱ्या भंगारवाल्याला बोलावता येते. त्या मानाने जुन्या बाजारात स्वतः माल मांडून बसणे कष्टाचे काम आहे. पहाटे उठावे लागते, ओझी वाहावी लागतात, दिवसभर उन्हावाऱ्यात उभे राहावे लागते आणि शेवटी उरलेला माल पुन्हा बांधून घरी आणावा लागतो. तरीही मी हा मार्ग सोडलेला नाही, कारण आपली वस्तू कोणाच्या हातात जाते आणि ती घेताना त्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे पाहण्याचे सुख दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या विक्रीत मिळत नाही. मात्र पहिल्याच दिवशी थकून, चिडून आणि निम्म्याहून अधिक माल परत घेऊन गेलेले नवखे विक्रेते सहसा पुन्हा फिरकत नाहीत. त्यांच्या हातून निसटलेले हे सुख तुमच्या वाट्याला यावे, म्हणून तयारीपासून बाजार उठेपर्यंतच्या सगळ्या गोष्टी क्रमाने सांगतो.

आधी गिऱ्हाईक म्हणून जाऊन यावे

ज्या बाजारात बसायचे आहे तिथे आधी किमान दोनदा नुसते फिरायला जावे, एकदा बाजार भरताना आणि एकदा उठताना. भरताना गेल्यास विक्रेते किती वाजता येतात, जागा कशा ठरतात आणि वाहन कुठपर्यंत नेता येते हे कळते. उठताना गेल्यास काय विकले गेले नाही, हे त्याहून महत्त्वाचे ज्ञान मिळते, कारण दिवसभरानंतरही जवळजवळ प्रत्येक पथारीवर जे शिल्लक दिसते ते आपल्या घरातून वाहून आणण्यात अर्थ नसतो. सावली कोणत्या बाजूने सरकते आणि लोक कोणत्या कोपऱ्यावर रेंगाळतात याकडेही लक्ष द्यावे. आयोजकांना जागेचे भाडे, टेबल मिळते की स्वतःचे आणावे लागते, पाऊस आल्यास काय होते आणि कोणत्या वस्तूंना मनाई आहे, हे स्पष्टपणे विचारून घ्यावे. वर्षातून एक-दोनदा घरचे सामान विकणारा आणि नियमित धंदा करणारा यांच्यासाठी परवान्याचे आणि कराचे नियम बहुधा वेगवेगळे असतात, म्हणून तेही त्याच वेळी विचारावे.

काय न्यावे आणि काय घरीच ठेवावे

वस्तू निवडताना पहिला निकष भावाचा नसून आपण ती खरोखर सोडायला तयार आहोत का, हा असावा. माझ्या पहिल्या बाजारात मी वडिलांची कंपासपेटी सामानात टाकली होती. एका तरुणीने ती उघडून पाहिली, भाव मान्य केला आणि पैसे काढले, तेव्हा माझ्याच्याने ती देववेना. तिची क्षमा मागून मी पेटी पिशवीत ठेवली आणि ती मुकाट्याने निघून गेली. त्या पेटीचा निर्णय मी घरीच घ्यायला हवा होता. ज्या वस्तूविषयी मन द्विधा असेल ती वेगळ्या खोक्यात ठेवून काही महिन्यांनी पुन्हा पाहावी.

हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, शिवणकामाचे साहित्य, खेळणी, फ्रेम आणि दिवे यांना बहुतेक बाजारांत मागणी असते. पुस्तके पुष्कळ लोक चाळतात, पण त्यांतून पैसे थोडेच येतात. ती न्यावीत ती त्यांच्याभोवती जमणाऱ्या माणसांसाठी. मोठे फर्निचर नवख्याने पहिल्या खेपेला नेऊ नये. त्याऐवजी त्याचे छायाचित्र आणि मोजमाप एका पुठ्ठ्यावर लावून ठेवावे, म्हणजे ज्याला खरोखर हवे तो पत्ता विचारतो.

काही वस्तू मात्र कितीही चांगल्या दिसल्या तरी विकू नयेत. हेल्मेट आणि मोटारीतले लहान मुलांचे सुरक्षा-आसन यांना एकदा जोराचा आघात झाला की आतली संरक्षक रचना निकामी होऊ शकते आणि ते बाहेरून ओळखता येत नाही. फार जुन्या रंगवलेल्या खेळण्यांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, त्यामुळे ती मुलांच्या हातात जाता कामा नयेत. फोन, संगणक आणि कॅमेरे विकण्यापूर्वी त्यांतली माहिती पूर्ण पुसावी, मेमरी कार्ड काढावे आणि फोन आपल्या खात्यातून मोकळा झाला आहे याची खात्री करावी; नाहीतर घेणाऱ्याला तो सुरूच करता येणार नाही.

साफसफाई, पण बेताने

युरोपातल्या अनेक भाषांत अशा बाजाराला ‘पिसवांचा बाजार’ म्हणतात. हे नाव फ्रेंचमधून आले असून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या वेशीबाहेर सँतुआँ येथे चिंध्या आणि भंगार वेचणाऱ्यांनी भरवलेला बाजार त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. जुन्या कपड्यांत आणि गाद्यांत पिसवा असणारच, हा समज त्या नावात कायमचा चिकटला. आजही गिऱ्हाईक कपडा उचलल्यावर आधी नकळत वास घेते, आणि कुबट वास आला की भाव न विचारताच तो खाली ठेवते. म्हणून कपडे धुऊन, कडक वाळवून, शक्य असल्यास हँगरवर टांगूनच न्यावेत. पुस्तकांना बुरशीचा वास येत असेल तर ती काही दिवस खाण्याच्या सोड्याच्या उघड्या वाटीसह बंद खोक्यात ठेवावीत. वास बराच कमी होतो, मात्र पानांवर बुरशी दिसत असेल तर ते पुस्तक इतर पुस्तकांच्या जवळही ठेवू नये.

धातू आणि लाकूड यांच्या बाबतीत उत्साह आवरावा. संग्राहकांना जुन्या पितळेवर, तांब्यावर आणि लाकडावर काळाने चढवलेली छटा हवी असते, आणि ती घासून काढल्यास वस्तूची किंमत वाढण्याऐवजी घटते. जुनी नाणी तर अजिबात घासू नयेत. धूळ पुसावी, चिकटपणा काढावा आणि तिथेच थांबावे. एखादी वस्तू भरीव पितळेची आहे की लोखंडावर पितळेचा मुलामा आहे, हे लोहचुंबक लावून पाहता येते. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. ही तपासणी आपण घरीच करावी, कारण जाणकार गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढते तेव्हा आपल्याला उत्तर माहीत असलेले बरे.

विजेवर किंवा सेलवर चालणारी प्रत्येक वस्तू चालवून पाहावी. सेलच्या खाचेत पांढरी पावडर साचली असेल तर ती अल्कलाइन सेलमधून गळलेल्या क्षाराची असते. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाच्या काडीने ती पुसली आणि खाच नीट वाळू दिली की वस्तू बहुधा पुन्हा सुरू होते. संचातले सुटे भाग मोजून एकत्र बांधावेत. जे नाही त्याची नोंद चिठ्ठीवर करावी, जसे की ‘एक सोंगटी कमी’. ही चिठ्ठी बाजारात किती उपयोगी पडते हे पुढे येईलच.

भाव ठरवणे

नवख्यांचा सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो आणि त्याचे कारण लोभ नसतो. डॅनिएल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि काहींना दिले नाहीत. मग मिळालेल्यांनी विकण्यासाठी सांगितलेली किंमत, मग न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. हे मग त्या विद्यार्थ्यांच्या हाती नुकतेच आले होते. तर ज्या किटलीतून आपण १२ वर्षे चहा ओतला तिच्याविषयी आपला अंदाज किती फुगलेला असेल, याचा विचार करावा.

यावर माझा उपाय असा, की वस्तू पूर्वी कधीही न पाहिलेल्या मित्राला बोलावावे आणि ‘ही तुला जुन्या बाजारात दिसली तर किती देशील?’ असे विचारून त्याचे पहिले उत्तर लिहून घ्यावे. त्या आकड्यावर घासाघिशीसाठी थोडी जागा ठेवून चिठ्ठीवरचा भाव ठरवावा, आणि ज्याच्या खाली जायचे नाही तो आकडा स्वतःच्या वहीत लिहावा. वापरातल्या साध्या घरगुती वस्तूला नव्याच्या किमतीचा चौथा हिस्सा मिळाला तरी समाधान मानावे. संग्राहकांच्या वस्तूंना हा हिशेब लागू नाही; त्यांच्याबाबत तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली हे शोधावे, कारण नुसते मागितलेले भाव फसवे असतात.

भाव लिहूनच ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. भाव लिहिला नाही म्हणजे गिऱ्हाईक बोलेल, असे काही जुने विक्रेते सांगतात, पण संकोची माणूस विचारत नाही, तो पुढे जातो, आणि माझ्या अनुभवात सर्वांत प्रेमाने वस्तू नेणारी माणसे बहुधा संकोची असतात. चिकटपट्टीची चिठ्ठी पुस्तकाच्या वेष्टनावर, कच्च्या लाकडावर किंवा चित्रावर लावू नये. ती काढताना वस्तूचा पापुद्रा निघतो. दोऱ्याला बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी सर्वांत सुरक्षित.

बाजाराचा दिवस

आदल्या रात्री सामान भरताना जे आधी लागणार ते शेवटी भरावे, म्हणजे टेबल, चादर आणि ताडपत्री वर राहतात. पुस्तके लहान खोक्यांत भरावीत, कारण मोठे खोके भरले की उचलत नाही. भरपूर सुटे पैसे, कमरेला बांधायची पिशवी, रद्दी, कागदी आणि कापडी पिशव्या, सुतळी, कात्री, पेन, वही, मोजपट्टी, टोपी, पाणी आणि घरचे जेवण बरोबर असावे. कपडे असतील तर एक आरसा आणि सेलवर चालणाऱ्या वस्तू असतील तर भरलेले सेल न्यावेत. ज्या रेडिओचा आवाज तिथल्या तिथे ऐकवता येतो तो विकला जातो, आणि ‘घरी चालत होता’ असे सांगावे लागते तो बहुधा परत येतो.

सामान उतरवत असतानाच काही लोक टॉर्च घेऊन खोक्यांत डोकावू लागतील. हे बहुतेक व्यापारी असतात आणि नवा चेहरा ते लांबून ओळखतात. माझ्या दुसऱ्या बाजारात अशाच एकाने न उघडलेले एक खोके एकरकमी मागितले. हात भरलेले होते, भवानी होत होती, म्हणून मी देऊन टाकले. त्याने माझ्यासमोरच त्यातून कॅमेऱ्याची एक भिंग बाहेर काढली, जी तिथे आहे हे मी विसरून गेलो होतो. तेव्हापासून ‘मांडणी झाल्यावर या, पहिले तुम्हालाच दाखवतो’ असे मी नम्रपणे सांगतो, आणि ते खरोखर परत येतात. त्यांच्याशी वैर धरू नये. त्यांनी कोणती वस्तू उचलली आणि कोणती उलटून पाहून ठेवली, एवढे लक्षपूर्वक पाहिले तरी पुष्कळ शिकायला मिळते.

मांडणी वेगवेगळ्या उंचींवर करावी. टेबलावर उलटी ठेवलेली खोकी चादरीने झाकली की पायऱ्या तयार होतात. दूरून दिसेल अशी एखादी रंगीत किंवा अनोखी वस्तू पुढच्या कोपऱ्यात ठेवावी, किंमती लहान वस्तू आपल्या हाताच्या टप्प्यात ठेवाव्यात, आणि पुस्तके कणा वर करून, मान न वाकवता वाचता येतील अशी लावावीत. खेळणी मात्र जमिनीवर सतरंजीवर पसरावीत, कारण त्यांची निवड करणारे गिऱ्हाईक तेवढ्याच उंचीचे असते. ते रमले की बरोबरची मोठी माणसेही थांबतात.

बोलणे आणि घासाघीस

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले, की वस्तूतले दोष विकणाऱ्याला माहीत असतात आणि घेणाऱ्याला नसतात, त्यामुळे घेणारा सावधपणे भाव पाडतो आणि चांगला माल असलेला विक्रेता अखेर बाजारातूनच बाहेर पडतो. समोरासमोरच्या विक्रीत या कोंडीवर हाताशी असलेला उपाय म्हणजे दोष आपणच आधी सांगणे. ‘हे घड्याळ दिवसाला ५ मिनिटे मागे पडते’, ‘या बशीचा टवका मागच्या बाजूला उडाला आहे’, असे म्हणून वस्तू त्यांच्या हातात द्यावी. मी असे सांगितल्यावर ते घड्याळ घेणाऱ्या गृहस्थांचा चेहरा उजळला, कारण त्यांना घड्याळे दुरुस्त करण्याचाच छंद होता आणि नीट चालणारे घड्याळ त्यांना नकोच होते. दोष सांगितल्याने एक वस्तू कदाचित राहते, पण टेबलावरच्या बाकीच्या सगळ्या वस्तूंविषयी विश्वास बसतो.

गिऱ्हाईक जवळ येताच बोलायला सुरुवात करू नये. नजरेला नजर मिळाली तर नमस्कार करावा आणि काहीतरी काम करत राहावे. हातातल्या मोबाइलमध्ये डोके घातलेल्या विक्रेत्याला कोणी काही विचारत नाही आणि अंगावर येणाऱ्यापासून लोक लांब राहतात. त्यांनी वस्तू हातात घेऊन दोनदा उलटवली, की त्या वस्तूविषयी एक खरी गोष्ट सांगावी, जसे की ती कुठे वापरली, किती वर्षे, आणि आता का नको. रचलेली कहाणी कधीही सांगू नये. ती ऐकणाऱ्याला लगेच कळते.

घासाघिशीला अपमान समजणारे नवखे दिवसभर दुखावलेले राहतात. समोरच्याने निम्मा भाव मागितला म्हणजे त्याने तुमच्या आजीच्या भांड्याची किंमत केली असे नव्हे, त्याने बोलणे सुरू केले. हसून आपला आकडा थोडा खाली आणावा आणि मग थांबावे. त्या शांततेत घाईने आणखी उतरण्याचा मोह होतो, तो आवरावा. आकडे अडले तर ‘ही दुसरीही घ्या, दोन्ही मिळून एवढे द्या’ असा मार्ग काढावा, कारण आपल्याला ओझे कमी करायचे असते आणि त्यांना जास्त मिळाल्याचा आनंद हवा असतो. ‘तुम्हीच सांगा किती देता’ असे मात्र म्हणू नये. त्याने भाव सांगण्याची अवघड जबाबदारी गिऱ्हाइकावर पडते आणि ते काढता पाय घेते. एखादे मूल मुठीतले सगळे पैसे पुढे करते तेव्हा वहीतला शेवटचा आकडा विसरावा. तो आकडा माझा आहे आणि तो मोडण्याचा अधिकारही माझाच आहे.

या बोलण्यातच बाजाराचा खरा आनंद आहे. एकदा मी खेळण्यांमध्ये अळंबीच्या आकाराची एक लाकडी वस्तू ठेवली होती. एका आजींनी ती उचलली, स्वतःच्या पिशवीतला लोकरी मोजा तिच्यावर चढवला आणि भोक पडलेला भाग त्या गोल डोक्यावर ताणून रफू कसा करतात हे मला उभ्याउभ्या दाखवले. दुसऱ्या एका दिवशी एका निवृत्त अभियंत्यांनी माझ्याकडची स्लाइड रूल, म्हणजे गुणाकार-भागाकार करण्याची सरकती मोजपट्टी, घेतली. १९७२ मध्ये खिशात मावणाऱ्या शास्त्रीय गणकयंत्राचा पहिला नमुना बाजारात आला आणि त्यानंतर काही वर्षांतच हे साधन मागे पडले, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलाने ते कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी सरकत्या पट्टीवरचा १ खालच्या पट्टीवरच्या २ वर आणला, वरच्या ३ खाली ६ दाखवले, आणि मग ती पट्टी न हलवता वरच्या ४ खाली ८ दाखवले. मुलाने ती त्यांच्या हातातून घेऊन स्वतः करून पाहिली. आलेल्या पैशांत मी काय घेतले हे मला आठवत नाही, त्या मुलाची सावकाश सरकणारी बोटे मात्र आठवतात.

शेजारच्या विक्रेत्यांशी सकाळीच ओळख करून घ्यावी. पाय मोकळे करायला जाताना ते तुमच्या मालावर लक्ष ठेवतात, तुम्ही त्यांच्या मालावर ठेवता, आणि तुमच्याकडे नसलेली वस्तू मागणाऱ्याला एकमेकांकडे पाठवता येते. पैसे डब्यात न ठेवता अंगावर ठेवावेत. मोबाइलवरून पैसे आले तर गिऱ्हाइकाचा पडदा पाहून समाधान न मानता आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहावे. गर्दीत हे सांगायला संकोच वाटू देऊ नये. प्रामाणिक माणूस त्याचे वाईट मानत नाही.

बाजार उठताना

शेवटच्या तासात चिठ्ठ्यांवरचे भाव उघडपणे कमी करावेत आणि फुटकळ वस्तूंचे एकच खोके करून ‘कोणतीही घ्या, एकच भाव’ असे लिहावे. या वेळी येणारे गिऱ्हाईक वेगळे असते, ते सावकाश खाली बसून खोके तळापर्यंत शोधते, आणि सकाळपासून कोणी हातही न लावलेली वस्तू आनंदाने घेऊन जाते. दोन बाजारांत जिला कोणी उचललेही नाही ती वस्तू तिसऱ्यांदा वाहून नेऊ नये. तिच्यासाठी गरजू संस्था शोधावी किंवा ओळखीत देऊन टाकावी. आपली जागा झाडून, रद्दी आणि सुतळी गोळा करून मगच निघावे, कारण पुढच्या वेळी चांगली जागा कोणाला द्यायची हे आयोजक अशाच गोष्टींवरून ठरवतात.

घरी पोहोचल्यावर, कितीही दमलो असलो तरी झोपण्यापूर्वी मी वही उघडतो. वस्तू, चिठ्ठीवरचा भाव आणि मिळालेला भाव अशी तीन घरे झाल्यावर चौथे घर कोणाकडे गेली याचे असते. तिथे नाव नसते. ‘गाडीत झोपलेल्या बाळाची आई, निळा दिवा’ किंवा ‘सर्कशीत काम केलेले काका, पत्र्याची पेटी’ एवढेच असते. पुढच्या बाजारासाठी सामान निवडायला बसाल तेव्हा सर्वांत आधी हे चौथे घर वाचा, मग माळ्यावर चढा.